काबुकीचा नट घडतो कसा? घराणं, नाव आणि महिन्याचे पंचवीस दिवस

प्रश्न असा आहे: काबुकीचा, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाट्यप्रकाराचा, नट व्हायला त्याच घरात जन्मावं लागतं का? बाहेरच्या मुलाला शिरकाव मिळतो का, आणि मिळालाच तर पुढचं आयुष्य कसं जातं?

नट होता येतं. मोठ्या भूमिका मिळतीलच असं नाही. जपानमध्ये आज धंदेवाईक काबुकी नट सुमारे ३०० आहेत. त्यातले जवळजवळ एक तृतीयांश कुठल्याही घराण्यातले नाहीत, ते शिक्षणक्रमातून आलेत. जाहिरातीतली ठळक नावं मात्र मोजक्या घरांतलीच असतात. याला लोक ‘रक्ताचा वारसा’ म्हणतात, पण ते अर्धवट खरं आहे. काबुकीत दत्तक घेणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि दत्तक मुलाला कोणी कमी लेखत नाही. घराण्यातून खरी मिळते ती भूमिका. ‘कांजिनचो’ नाटकातल्या बेनकेई या योद्धा-भिक्षूसारखी भूमिका वर्गात शिकून येत नाही. ती महिनाभर रोज प्रेक्षकांसमोर करावी लागते, मग चार-पाच वर्षांनी पुन्हा करावी लागते, तेव्हा कुठे अंगात मुरते. ज्याला ही संधी पंचविशीत मिळते तो चाळिशीत पक्का होतो. ज्याला मिळतच नाही तो किती गुणी होता हे कोणाला कळतही नाही.

सगळे नट पुरुषच का, हे आधी थोडक्यात. इझुमोच्या ओकुनी नावाच्या बाईने १६०३ च्या सुमारास क्योतोमध्ये जे नाच-नाट्य सुरू केलं ते काबुकीचं मूळ. १६२९ मध्ये सरकारने स्त्रियांना रंगमंचावर बंदी घातली, १६५२ मध्ये कोवळ्या मुलांच्या काबुकीवरही घातली. उरले प्रौढ पुरुष. त्यांनी स्त्रीभूमिकेचं जे तंत्र घडवलं ते ओन्नागाता. आपल्याकडे बालगंधर्वांनंतर स्त्रीपार्टी हळूहळू संपली, कारण बायका नाटकात आल्या. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकात बंदी उठली तरी काबुकीने ओन्नागाता सोडला नाही, कारण नाटकंच त्या तंत्राच्या मापाने शिवलेली होती. घराण्यातल्या मुली लहानपणी रंगमंचावर येतात, पण वयात आल्या की बहुतेक जपानी नृत्याकडे किंवा चित्रपटाकडे वळतात.

घरातल्या मुलाची वाट ठरलेली. तीन-चार वर्षांचा असताना ‘हात्सु-ओमेमिए’, म्हणजे खऱ्या नावानेच प्रेक्षकांना पहिलं दर्शन. त्यानंतर रंगनाव घेऊन ‘हात्सुबुताई’, म्हणजे खरं पदार्पण. तालीम सहाव्या वर्षी, सहाव्या महिन्याच्या सहा तारखेला सुरू करावी असा जुना संकेत आहे. प्रत्यक्षात मुलं त्याआधीच रंगपटात रांगत असतात. पहिली काही वर्षं नाच, मग गिदायू, म्हणजे शामिसेन या तीन तारांच्या वाद्याच्या साथीचं कथन. नट गिदायू शिकतो ते गाण्यासाठी नाही. पोटातून आवाज काढायला आणि वाक्याचा दमसास सांभाळायला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. पारंपरिक प्रयोगात मायक्रोफोन नसतो, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज छातीच्या जोरावर न्यायचा म्हटलं तर तीन दिवसांत घसा बसतो.

या वाटेवरचा अवघड टप्पा तेरा ते सतराच्या दरम्यान येतो. आवाज फुटतो, उंची वाढते, बालभूमिका संपतात आणि मोठ्या भूमिकांना चेहरा कोवळा पडतो. काम अचानक कमी होतं. शहाणे वडील या काळात मुलाला शाळा, नाच आणि ताल-वाद्यांत गुंतवून ठेवतात. फुटलेल्या आवाजावर जबरदस्ती केली तर तो पुढे कायमचा खरखरीत राहू शकतो.

बाहेरच्यांना दोन दारं. पहिलं ‘हेयागो’चं: नऊ-दहा वर्षांच्या मुलाला एखादा मोठा नट आपल्या रंगपटात वाढवायला घेतो. मुलगा त्याच्या खोलीत बसतो, अदब शिकतो, भूमिका पाहतो आणि जमलं तर पुढे दत्तक जातो. बान्दो तामासाबुरो, या पिढीतला सर्वांत नावाजलेला ओन्नागाता, काबुकीच्या घरात जन्मलेला नाही. त्याला लहानपणी पोलिओ झाला होता, नाच सुरू झाला तो व्यायाम म्हणून. पुढे चौदाव्या मोरिता कानयाने त्याला दत्तक घेतलं. काताओका आईनोसुके आणि २०१९ मध्ये दत्तक गेलेला नाकामुरा कांग्योकु हेही याच वाटेने आलेले. म्हणजे बाहेरच्यालाही नायकाची जागा मिळते, पण त्यासाठी कुणीतरी त्याला घरात घ्यावं लागतं.

दुसरं दार नॅशनल थिएटरच्या शिक्षणक्रमाचं. तो १९७० मध्ये सुरू झाला. मुलगा असावा, नववीपर्यंतचं शिक्षण झालेलं असावं आणि वय २३ पर्यंत असावं, एवढीच अट. पूर्वानुभव लागत नाही, फी नाही. साधारण दोन वर्षं, आठवड्याचे बहुतेक दिवस सकाळी ते संध्याकाळी: अभिनय, जपानी नृत्य, गिदायू, नागाउता गायन, शामिसेन, ढोल, कोतो, रंगभूषा, किमोनो नेसणं आणि घडी घालणं, चहाविधी, रंगपटातली अदब, आणि ‘ताचिमावारी’ म्हणजे रंगमंचावरची लढाई. पहिल्या काही महिन्यांतच चाळणी लागते आणि न झेपणाऱ्यांना घरी पाठवतात. या लढाईतली कोलांटी, तिला ‘तोंबो’ म्हणतात, आधी वाळूवर शिकवतात. हात न टेकता हवेत फिरून पुन्हा जमिनीवर यायचं. बहुतेकांची चूक एकच: भीतीने मान आधी टाकतात आणि मणक्यावर येतात. उडी उंच गेली की फिरायला वेळ मिळतो, म्हणून आधी नुसती उडी घोटून घेतात. अलीकडे या शिक्षणक्रमाला अर्ज फार कमी येतात. थिएटरची इमारतही पुनर्बांधणीसाठी ऑक्टोबर २०२३ पासून बंद आहे.

शिक्षण संपलं की विद्यार्थी एखाद्या मोठ्या नटाचा शिष्य होतो आणि त्याच्या घराचं नाव लावतो. मग सुरू होते ‘नादाई-शिता’ची, म्हणजे खालच्या पायरीवरच्या नटाची नोकरी. गर्दीतला शिपाई, दासी, नायकाभोवती कोलांट्या मारणारा सैनिक, घोड्याचे पाय. घोड्यात दोघे असतात, पाठीवर पूर्ण पोशाखातला नट बसतो, त्यामुळे त्यांना वेगळा भत्ता मिळतो. त्याला आजही ‘वैरणीचे पैसे’ अशा अर्थाचंच नाव आहे. शिवाय गुरूचं काम: त्याच्या वस्तू मांडणं, चहा, पोशाख, आणि रंगमंचावर मागे बसून त्याला पंखा-तलवार हाती देणं. हे शेवटचं काम हलकं समजू नये. गुरूची भूमिका एका हाताच्या अंतरावरून महिनाभर पाहायला मिळते, याहून चांगली तालीम नाही. साधारण दहा वर्षांच्या अनुभवानंतर ‘नादाई’ची परीक्षा देता येते, लेखी आणि प्रात्यक्षिक. पास झाल्यावर नट नावाने ओळखला जातो, संवाद असलेल्या भूमिका मिळू लागतात. तरीही काही जण मुद्दाम वर जात नाहीत. लढाईचं काम आवडतं, आणि वर गेलं की तिथे त्यांच्या ताकदीचं काम कमी.

आता नाव. घराण्यात नावांची उतरंड असते. इचिकावांत शिन्नोसुके, मग एबिझो, मग दानजूरो. ओनोएंत उशिनोसुके, किकुनोसुके, किकुगोरो. मात्सुमोतोंत किनतारो, सोमेगोरो, कोशिरो आणि शेवटी हाकुओ. नाव बदलण्याचा सोहळा म्हणजे ‘शूमेई’. नाव आपोआप मिळत नाही: घर, ज्येष्ठ नट आणि प्रयोग लावणारी शोचिकु कंपनी यांचं एकमत व्हावं लागतं, आणि माणूस तयार नसेल तर नाव रिकामं राहतं. नववा दानजूरो १९०३ मध्ये वारला, त्यानंतर ५९ वर्षं रंगमंचावर कोणी दानजूरो नव्हता. (दहावा हा मान मरणोत्तर दिला गेला.) अकरावा १९६२ मध्ये झाला आणि तीनच वर्षांत गेला. बारावा १९८५ मध्ये झाला. सध्याचा तेरावा मे २०२० मध्ये व्हायचा होता, साथीमुळे तो नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला, आणि त्याच वेळी त्याचा मुलगा आठवा शिन्नोसुके झाला.

सोहळ्याच्या वेळी ‘कोजो’ होतो. सगळे नट खांदे ताठ असलेल्या पोशाखात रंगमंचावर ओळीने बसतात, एकेक जण नव्या नावाची शिफारस करतो. मग हेच प्रयोग तोक्यो, ओसाका, क्योतो, फुकुओका असे दीड-दोन वर्षं फिरतात. मे २०२५ पासून आणखी एक गमतीची परिस्थिती आहे: आठवा किकुगोरो झाला, पण त्याच्या वडिलांनी सातवा किकुगोरो हे नाव सोडलं नाही. एकाच वेळी दोन किकुगोरो. माझ्या मते शूमेईचा खरा उपयोग नटावरचा दबाव वाढवण्यात आहे. नाव मोठं झालं की प्रेक्षक पूर्वीच्या माणसाशी तुलना करणार, आणि ज्या भूमिका तोवर टाळता येत होत्या त्या टाळता येत नाहीत.

रोजचं आयुष्य महिन्याच्या चक्रावर चालतं. महिन्याला सुमारे २५ दिवस प्रयोग, दिवसाला दोन: सकाळी ११ च्या सुमाराचा आणि संध्याकाळी साडेचारच्या सुमाराचा. प्रत्येकात दोन-तीन वेगवेगळी नाटकं किंवा नाच. मधल्या फळीतला नट दिवसात तीन-चार भूमिका करतो. पूर्वी संपूर्ण महिना खाडा नसे, २०२० नंतर एक-दोन दिवस सुट्टी मिळू लागली. महिना संपला की उरलेल्या चार-पाच दिवसांत पुढच्या महिन्याच्या तालमी. बस, एवढ्याच. वाचन, उभं राहून तालीम, वादकांबरोबर एक, आणि रंगीत तालीम एकदा.

हे जमतं कारण भूमिका आधीच पाठ असतात आणि बहुतेक जुन्या नाटकांना दिग्दर्शकच नसतो. मुख्य नट सगळं ठरवतो. जुन्या मराठी नाटक कंपन्यांत नटाला आपापली नक्कल मिळायची, तशीच इथे ‘काकिनुकी’ मिळते, फक्त आपले संवाद असलेली. नवीन भूमिका आली की तरुण नट ती केलेल्या ज्येष्ठाकडे जातो आणि शिकवण्याची विनंती करतो. तो घरातलाच असावा असं नाही. पहिल्या वेळी शिकवलं तसंच करायचं, स्वतःचं काही घालायचं नाही, हा शिरस्ता. ज्येष्ठ पहिले दोन-तीन प्रयोग पाहतो आणि चुका सांगतो.

शिकायचा असतो तो ‘काता’, भूमिकेचा ठरलेला आकार. एकाच भूमिकेचे दोन काता किती वेगळे असू शकतात याचं उदाहरण कुमागाई. १७५१ च्या बाहुलीनाट्यातून आलेला हा योद्धा: मालकाच्या आज्ञेमुळे शत्रूच्या मुलाऐवजी स्वतःच्या मुलाचं डोकं कापतो. आज्ञेची पाटी हातात घेऊन तो ‘मिए’ घेतो, म्हणजे लाकडी ठोकळ्यांचा ठोका पडताच शरीर गोठवतो. दानजूरोच्या कातात पाटीची बाजू खाली असते आणि शिकान या दुसऱ्या नटाच्या जुन्या कातात वर. शेवटी दानजूरोच्या कातात मुंडण केलेला कुमागाई पडदा पडल्यावर एकटा हानामिचीवरून, म्हणजे प्रेक्षकांतून जाणाऱ्या उंच वाटेवरून, निघून जातो. शिकानच्यात सगळी पात्रं रंगमंचावर एकत्र चित्रासारखी थांबतात. पहिल्यात माणूस उरतो, दुसऱ्यात प्रसंग. तरुण नट या दोन्हींचं मिश्रण करायला जातात तिथे पंचाईत होते, कारण पाटी कशी धरायची इथपासून पोशाखापर्यंत सगळं एकमेकांना बांधलेलं आहे.

रंगपटात शिरताना दाराशी नटांच्या नावांची लाकडी फळी असते, प्रत्येक नावावर एक भोक. आल्यावर आपल्या नावावर लाल खुंटी लावायची. खुंटी नसली की व्यवस्थापक धावपळ सुरू करतो. तयार बदली नट ठेवायची पद्धत नाही, कोणी आजारी पडला की भूमिका माहीत असलेला दुसरा एका दिवसात, कधी काही तासांत उभा राहतो. रंगपटातल्या तरुणांनी आपल्या नसलेल्या भूमिकाही पाठ ठेवायच्या त्या यासाठी.

रंगभूषा नट स्वतः करतो. आधी डोक्याला रेशमी टोपी घट्ट बांधायची. भुवया ‘इशिनेरी’ या घट्ट मेणाने चेपून सपाट करायच्या. मग ‘बिनत्सुके’, म्हणजे मेणाळ तेल, हातांत गरम करून चेहऱ्यावर, मानेवर आणि पाठीच्या वरच्या भागावर पातळ चोळायचं. त्यावर पाण्यात कालवलेली पांढरी ‘ओशिरोई’ रुंद ब्रशने, आणि ओली असतानाच स्पंजने ठोकायची. सगळा खेळ तेलाच्या थराचा. जाड झाला तर पांढरा लेप घामाने सरकतो आणि तोंडाच्या कडेला तडे जातात. पातळ झाला तर पावडर धरतच नाही, डाग दिसतात. डोळ्याच्या कडेला लाल आणि शेवटी ओठ. भुवई काढतानाही आधी लाल, मग त्यावर काळी, नाहीतर काळी रेघ कागदावर काढल्यासारखी कोरडी दिसते. ‘कुमादोरी’च्या लाल-निळ्या रेषा ब्रशने ओढून बोटाने एका कडेला पसरवतात. सराव असला की अर्ध्या तासात चेहरा होतो. मग पोशाख, आणि सर्वांत शेवटी टोप. टोपाला तांब्याचा पत्रा असतो, कारागीर नटाच्या डोक्यावर ठेवून तो ठोकून मापात आणतो. घट्ट झाला तर दुसऱ्या अंकापर्यंत डोकं फुटायला लागतं, कधी उलटीही होते. म्हणून पहिल्या दिवसापूर्वी माप नीट पाहून घेणारा नट शहाणा.

पांढऱ्या रंगाचा इतिहास वाईट आहे. पूर्वी त्यात शिसं असे. एप्रिल १८८७ मध्ये सम्राटासमोरच्या प्रयोगात चौथ्या नाकामुरा फुकुसुकेचा पाय थरथरू लागला आणि शिशाच्या विषबाधेची चर्चा देशभर झाली. तरीही शिसं पूर्ण जायला १९३० चं दशक उजाडलं. नट ते सोडत नव्हते, कारण ते त्वचेवर छान बसायचं.

ओन्नागाता व्हायचं तर शरीर मोडून घ्यावं लागतं. खांद्याचे फरे मागे एकत्र आणून खाली ओढायचे, म्हणजे खांदे उतरते दिसतात. कोपरं अंगाशी, पावलं आत, गुडघे जुळलेले: सरावात गुडघ्यांमध्ये कागद धरून चालवतात, पडला की पुन्हा. शिवाय नायकापेक्षा उंच दिसू नये म्हणून गुडघे वाकवून कंबर खाली ठेवायची, आणि हे किमोनोतून कळता कामा नये. आगेमाकी या गणिकेचा पोशाख टोपासह तीस किलोंच्या वर जातो आणि पायात उंच लाकडी खडावा. ‘शिबाराकु’मधल्या नायकाचा तर पन्नास-साठ किलोंपर्यंत जातो. गुडघे आणि कंबर ही नटांची कायमची दुखणी.

‘हिकिनुकी’त म्हणजे रंगमंचावरच पोशाख बदलण्यात चूक लगेच उघडी पडते. वरचा किमोनो जाड धाग्याच्या टाक्यांनी खालच्यावर बसवलेला असतो, धाग्याच्या टोकांना गाठी. नाचत असताना मागचा सहाय्यक ठरलेल्या मात्रेवर धागे ओढतो आणि वरचा किमोनो क्षणात निघतो. १७५३ पासून चालत आलेल्या ‘दोजोजी’च्या तासाभराच्या नाचात हा प्रकार येतो. एक धागा अडकला की अर्धा किमोनो लटकतो. नटाने अशा वेळी थांबायचं नसतं. पाठ फिरवून वळण लांबवायचं आणि सहाय्यकाला दोन मात्रा मिळवून द्यायच्या. म्हणून मोठे नट या कामाला नेहमी तोच शिष्य ठेवतात.

यंत्रांचा धोका वेगळा. ऑगस्ट २०१२ मध्ये तेव्हाचा सोमेगोरो, आजचा दहावा कोशिरो, नाचताना उघड्या चोरदारातून सुमारे तीन मीटर खाली पडला. ऑक्टोबर २०१७ मध्ये चौथ्या एन्नोसुकेचा हात रंगमंचाच्या यंत्रात अडकून मोडला. तेजस्वी दिव्यांत पांढऱ्या चेहऱ्याने आणि जड टोपाने खाली पाहता येत नाही. जागा पावलांनी मोजून ठेवावी लागते.

पैशाबद्दल. मोबदला शोचिकु ठरवते, प्रयोगांच्या महिन्यावर. वरच्या नटांचं बरं चालतं, पण खर्चही तसाच: शिष्य, भेटवस्तू, शूमेईचे कार्यक्रम. तिकिटांचा मोठा भाग नटाच्या चाहत्यांच्या मंडळांमार्फत जातो आणि ती बाजू नटाची बायको सांभाळते. प्रयोगाच्या दिवशी ती किमोनो नेसून दालनात उभी असते, कोण कुठे बसलंय हे तिला तोंडपाठ. टीव्ही आणि चित्रपटातलं काम हे जोडउत्पन्न असतंच, शिवाय त्यातून नवे प्रेक्षक येतात. ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सर्वोच्च मान मिळाला तर सरकार वर्षाला २० लाख येन देतं, तेही पुढच्या पिढीला शिकवण्यासाठी. निवृत्ती अशी नसते. नववा कोशिरो, म्हणजे आजचा हाकुओ, बेनकेईच्या हजाराव्या प्रयोगाला, २००८ मध्ये नारात, साठीच्या पुढे होता.

नव्या नाटकात मात्र यातलं बरंच उलटतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये तोक्योच्या काबुकीझा नाट्यगृहात महाभारतावर नवं नाटक आलं, कर्ण केला तेव्हाच्या किकुनोसुकेने, म्हणजे आजच्या आठव्या किकुगोरोने. दिग्दर्शक सातोशी मियागी बाहेरचे. २०२३ मध्ये ते पुन्हा झालं. इथे विचारायला ज्येष्ठ नाही, काता नाही, चार दिवसांच्या तालमीत भागत नाही. घराण्याबाहेरच्या नटांना अशाच प्रयोगांत जास्त मोकळीक मिळते, कारण ती भूमिका आधी कोणाच्या घरची नसते.

तोक्योत जाणार असाल तर जानेवारीत आसाकुसाचा तरुणांचा महिना पाहा, तिथे विशीतले नट मोठ्या भूमिका पहिल्यांदा करतात. काबुकीझामध्ये चौथ्या मजल्यावर एकाच अंकाचं स्वस्त तिकीटही मिळतं. २०१३ च्या नव्या इमारतीत तिथूनही हानामिचीवरची ‘शिची-सान’ची जागा दिसते, जिथे नट थांबून मिए घेतो. जुन्या इमारतीत ती वरून दिसत नसे.